खालून येणारी थंडी

ती दोरी आधी सोड, आनंद. टाकीच्या पाइपला बांधलीयेस तू ती. तुझ्या वजनानं पाइप निखळला तर सकाळी सगळी बिल्डिंग पारोशी बसेल आणि शिव्या मला पडतील, कारण सेक्रेटरी मी आहे. अयान, तूही उतर. गच्चीवर झुल्यात लटकून सराव केला की डोंगरात झोप लागते, हे कुठल्या व्हिडिओवाल्यानं सांगितलं तुम्हाला?

बसा असे. कठड्यावर नको, खाली बसा.

उद्या निघणार म्हणे. ऐन डिसेंबरात. घरी गादी आहे, दार आहे, दाराला आतून कडी आहे. माणूस गुहेतून निघून इथवर यायला किती पिढ्या खपल्या, आणि तुम्ही चांगल्या पगाराच्या नोकऱ्या करून परत झाडावर चाललात. जा बापडे. मी कोण अडवणार? पण जायच्या आधी एक ऐकून जा. गावगप्पा नाहीत. माणूस माझ्या ओळखीचा, त्याची बायको आमच्या समोरच्या दारात राहायची, आणि शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मधलं त्यानं मला स्वतः सांगितलं, जिन्यात बसून.

दोन हजार चार साल. अठरा डिसेंबर, शनिवार. तेव्हा तुम्ही राहता त्या फ्लॅटमध्ये प्रियदर्शनी राहायची. इथल्याच एका कॉलेजात शिकवायची. सोबत तिची मुलगी उत्कर्षा, सात वर्षांची. नवरा अभिनव, सॉफ्टवेअरमध्ये. तो इथे राहत नव्हता. कोर्टात चालू होतं त्यांचं.

त्याचं कारणही सांगतो, म्हणजे मध्ये मध्ये विचारणार नाही तुम्ही. पोरगी चालायला लागली तेव्हा हा अमेरिकेत. बोलायला लागली तेव्हा अमेरिकेत. न्यूमोनिया होऊन आठवडाभर दवाखान्यात होती तेव्हाही साहेब अमेरिकेतच, आणि फोनवर प्रियदर्शनीला विचारत होते की ऑक्सिजनचा आकडा किती. ऑनसाइट म्हणायचे त्याला. इथली साइट कोणी बघायची, ते नाही सांगायचे. शेवटी परत आला तोवर हिचं मन उडालं होतं.

तरी एक मान्य करतो. पोरीवर जीव होता त्याचा. रविवारी तासभर बागेत भेट मिळायची, तेवढ्यासाठी तो आठवडाभर जगायचा. एक रात्र तरी तिला माझ्याकडे दे, म्हणून सहा महिने विनवण्या केल्या त्यानं. शेवटी त्या शनिवारी ती हो म्हणाली. दारातच बोलणं झालं. आमच्या सोसायटीच्या भिंती बिल्डरनं अशा काही बांधल्यात की कान लावायची गरज पडत नाही.

'एक रात्र,' ती म्हणाली. 'उद्या दुपारच्या आत परत. तिची छाती नाजूक आहे, ते तुला कागदावर माहीत असेल. मी रात्री जागून काढल्यात. ती नुसती खोकली जरी ना अभिनव, तरी यापुढे तुझी भेट वकिलासमोर.'

'काही होणार नाही,' हा म्हणाला.

आता तुम्ही सांगा. शहाण्या बापानं काय केलं असतं? कात्रजला नेऊन साप, वाघ दाखवले असते, लस्सी पाजली असती, आणि रात्री घरी नेऊन पांघरुणात गुरफटून झोपवली असती. हा कात्रजला गेला खरा. पण स्वतःच्या प्लॉटवर गेला.

त्या वेळी पैसा नवा होता ना. आयटीतल्या प्रत्येकाला वाटायचं, आपला एक प्लॉट पाहिजे. घाटाच्या पायथ्याशी डोंगर खरवडून कोणीतरी स्कीम काढली होती, तिचं नाव 'सिएरा व्हॅली'. सिएरा म्हणजे काय ते विकणाऱ्याला माहीत नव्हतं, घेणाऱ्याला तर नव्हतंच. पाणी नाही, दिवा नाही, रस्ता म्हणून एक चर खणून ठेवलेला. तिथे ह्याचा तुकडा. त्यावर तीन कडुनिंब, एवढीच काय ती व्हॅली.

आणि अमेरिकेतून आणलेले दोन झुले. तुमच्या ह्या फडक्यासारखेच. तो हॅमॉक म्हणायचा. दोन झाडांना बांधलेल्या फडक्याला आम्ही झोळी म्हणतो. खाली गाडीत सामान भरताना मला भेटला आणि मी न विचारता सगळं समजावून सांगितलं.

'काका, झुल्यात थंडी वरून नाही लागत, खालून लागते. अंगाखाली कितीही जाड रजई घ्या, ती वजनानं दबते. दबली की ऊब धरत नाही. वारा खालून पाठीला लागतो. म्हणून ही वेगळी रजई. ही झुल्याच्या बाहेरून, खाली टांगायची.'

'आमच्याकडे त्याला जमीन म्हणतात,' मी म्हटलं. 'तिच्यावर गादी टाकायची. वारा खालून येत नाही.'

तो हसला. दया येऊन हसतात तसा. तेवढ्यात प्रियदर्शनी पोरीची दुलई घेऊन खाली आली. चांगली कापसाची, जाड, तिच्या आईनं भरून घेतलेली. ह्यानं मुकाट्यानं डिकीत टाकली. ती वळल्यावर मला म्हणतो, 'सुती आहे. दव पिते. काही उपयोग नाही हिचा.' शेकडो वर्षं ह्या पुण्यात लोकांनी थंडी काय कागद पांघरून काढली?

तर पोचले. गाडी खाली फाटकाशी लावली, कारण वर चर. सामान घेऊन चढले. प्लॉटवर जमीन काळीठिक्कर, जळकी, आणि पायाला सगळीकडे विटांचे तुकडे. स्कीमच्या आधी तिथे वीटभट्टी होती. हे ह्याला माहीत होतं. त्यामुळे मुरूम टाकावा लागणार नाही, असा त्याचा हिशेब.

आणि त्या कडुनिंबांना खाचा होत्या. दोन झाडांना, समोरासमोर, कमरेएवढ्या उंचीवर. सालीत गोल फिरलेली खोल खाच. वर्षानुवर्षं एकाच जागी दोरी काचली की पडते तशी. भट्टीवरच्या बाया काय करतात, हे रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसतं. दिवसभर विटा वाहायच्या, तर पोर कुठे ठेवणार? लुगडं दोन झाडांना बांधायचं, पोर त्यात घालायचं. ऊन असो, थंडी असो. ज्याला डोळे आहेत त्यानं त्या खाचा बघून जरा विचार केला असता, की इथे कोणाची पोरं झोपली असतील, आणि सगळी उठली असतील का.

अभिनव म्हणाला, बरं झालं, दोरी घसरणार नाही.

आणि पोरीचा झुला त्यानं बरोब्बर त्या खाचांत बांधला. स्वतःचा शेजारी, त्यातल्याच एका झाडापासून तिसऱ्याला. ती खालची महागडी रजई एकच होती, ती तिच्या झुल्याला लावली. म्हणजे बाप म्हणून नियत वाईट नव्हती. वर ताडपत्री ताणली, झुल्याच्या दोरीला थर्मामीटर अडकवला. हो, थर्मामीटर. थंडी वाजते की नाही ते पोरीला विचारायचं सोडून.

संध्याकाळ छान गेली, असं तो म्हणाला. पराठे खाल्ले, शेकोटी केली. पोरगी झुल्यात लोळून लोळून हसत होती. झोपताना म्हणाली, 'बाबा, आपण दर शनिवारी येऊ या?' त्यानं तोंड फिरवलं. सहा महिन्यांच्या विनवण्या वसूल झाल्या, असं वाटलं त्याला.

शुद्ध पक्ष होता, अर्धा चंद्र. तो मध्यरात्रीच्या सुमारास मावळला. शेकोटी विझली होती. डोंगरावरून गार हवा खाली उतरायला लागली. जोराचा वारा नाही. नुसती गार हवा, जमिनीलगत, पाणी वाहतं तशी.

ह्याला जाग आली ती खोकल्यानं.

एकदाच. कोरडा.

मग पुन्हा.

तो उडी मारून उठला. पोरीच्या झुल्याखाली हात घातला. ती खालची रजई, ज्याची एवढी कौतुकं, ती सैल लोंबत होती. केली होती कोणा धिप्पाड अमेरिकनासाठी. ही पोरगी चिमणीएवढी. झुला खाली दबलाच नाही. रजई आणि झुल्याच्या मध्ये वीतभर फट, आणि त्या फटीतून हवा आरपार. झुल्याच्या कापडातून पोरीची पाठ हाताला लागली. गारठलेली होती. रजईच्या दोऱ्या आवळायला गेला, तर बोटं आखडलेली. दोऱ्या निसटत होत्या.

पुन्हा खोकली ती. झोपेतच.

उचलायची, गाडीत घालायची, हीटर लावायचा आणि घरी यायचं. शेंबड्या पोराला सुचलं असतं. ह्यालाही सुचलं. पण रात्री दोन वाजता दार उघडणार कोण? प्रियदर्शनी. आणि दारात पोरगी खोकणार. म्हणजे संपलंच सगळं. तो मला म्हणाला, 'काका, मला फक्त सकाळपर्यंत तिला गरम ठेवायचं होतं.' तेव्हा आठवली दुलई. सुती. दव पिणारी. डिकीत पडलेली.

आणि पोरीला तिथेच ठेवून हा खाली गेला. सात वर्षांचं लेकरू, अंधारात, त्या दोन झाडांच्या मध्ये टांगून... आणि हा बॅटरी घेऊन खाली. उचलली तर जागी होईल म्हणे.

हं. तुम्हीही तेच केलं असतंत. मान हलवू नका.

गाडीशी पोचला. दुलई काढली. परत चढायला लागला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं, खोकला थांबलाय. हायसं वाटलं त्याला.

मग ऐकू आलं...

कर्र.

कर्र.

दोरी करकरत होती. एका लयीत. हवा तर पडली होती. पान हलत नव्हतं.

त्याला वाटलं, कूस बदलत असेल. भरभर चढला. बॅटरी मारली.

झुला हलत होता. जोरात नाही. इकडे... तिकडे. इकडे... तिकडे. पोर झोपावं म्हणून हलवतात तसा.

जवळ कोणी नव्हतं.

तो झुल्याशी आला. पोरगी गाढ झोपलेली. गालावर लाली. श्वास मोकळा. त्यानं खालून हात लावला.

गरम.

तव्यावरून काढलेल्या भाकरीइतकं गरम. आणि ती रजई... आता लोंबत नव्हती. फट नव्हती. रजई भरलेली होती. गच्च. रजई आणि पोरीची पाठ, ह्यांच्या मध्ये काहीतरी होतं.

त्यानं दाबून बघितलं.

आत दबलं.

मग... आतून परत दाबलं गेलं. त्याच्या तळहातावर. हळूच.

झुला थांबला.

'उत्कर्षा...' त्यानं हाक मारली.

'बाबा, हळू बोल.' डोळे मिटलेलेच होते पोरीचे. 'ती रागावते.'

'कोण?'

'ही. खालची.'

'...काय म्हणते?'

पोरगी झोपेतच हसली. 'म्हणते, तुझ्या बापाला अक्कल नाही.'

हसा. हसा, अयान. तो नाही हसला. कारण तेवढ्यात त्यालाही ऐकू आलं. झुल्याखालून. त्याच्या गुडघ्यापाशी. शब्द नाही... नुसतं जिभेनं टाळूला लावून केलेलं—

च्च.

बायका करतात ना. कोणाला काही धड जमत नाही म्हणून. तसं.

त्यानं बॅटरी टाकली आणि पोरीला काखेत हात घालून उचललं. ती उचलली जाईना. चिमणीएवढी पोरगी, आणि वजन दोघींचं. डोकं, खांदे वर आले. पाठ येईना. पाठ धरून ठेवलेली. त्यानं ओढलं. दोरी करकरली. झाडं करकरली. पोरगी झोपेत कण्हली आणि म्हणाली, 'बाबा, राहू दे ना. इथे गरम आहे.'

ते त्याला सगळ्यात लागलं. माझ्यासमोर जिन्यात रडला तो ते सांगताना.

'माझी आहे ती,' तो म्हणाला. कोणाला म्हणाला, देव जाणे.

काही नाही. शांत.

पुन्हा ओढलं. सोडेना.

मग काय वाटलं त्याला... खांद्यावरची दुलई काढली. पोरीच्या अंगाखाली सरकवली. डावीकडून. उजवीकडून. पायाशी दुमडली. गळ्याशी नीट खोचली. बोटं तिच्या पाठीखाली जात होती तिथे... दुसरी बोटं होती. खरखरीत. ती एकेक करून बाजूला होत होती. जसजशी दुलई आत सरकेल, तसतशी.

शेवटी पुन्हा एकदा—

च्च.

आणि वजन सुटलं.

तो पळाला. झुले तिथेच, बॅटरी तिथेच, ताडपत्री तिथेच, थर्मामीटर तिथेच. ठेचकाळत खाली आला, दारं लावून घेतली, इंजिन चालू केलं आणि पोरीला मांडीवर घेऊन हीटरसमोर बसला. गाडी हाकायची ताकद हातात यायला उजाडावं लागलं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आला. मी समोरच होतो, पाण्याचा टँकर उशिरा येणार हे सांगायला प्रियदर्शनीकडे गेलो होतो. पोरगी उड्या मारत आत आली. टवटवीत. शिंक नाही, खोकला नाही. आईनं कपाळाला हात लावला, स्वेटरमध्ये हात घालून छाती बघितली, जवळ घेऊन श्वास ऐकला. काही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्या बाईचा चेहरा सैल झालेला बघितला.

'बस,' ती त्याला म्हणाली. 'चहा घेणार?'

तो खुर्चीच्या कडेवर बसला. झोप न झालेला, केस विस्कटलेले, शर्टाला चिखल. तिनं कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, 'चांगली सांभाळलीस तिला. पुढच्या शनिवारी न्यायची असेल तर ने.'

बघा. पदरात पडलं होतं. सहा महिने ज्यासाठी दार ठोठावलं ते स्वतःहून उघडलं होतं तिनं. ह्यानं मान डोलावली.

आंघोळीला न्यायचं म्हणून तिनं पोरीचा स्वेटर काढायला घेतला. डोक्यावरून ओढला, तर निघेना. फ्रॉकही त्याच्याबरोबर वर यायला लागला. पुन्हा ओढला. आतली शमीजही वर आली. पोरगी 'आई, लागतंय' म्हणाली. तेव्हा तिनं तुमच्या काकूंना हाक मारली. हिनं येऊन पोरीला पाठमोरं केलं, स्वेटरची कड वर केली, आणि ती तशीच धरून उभी राहिली.

पाठीवर आतून एक कापड लावलं होतं. हातभर. हिरवं, जुनं, नऊवारीचं, धुराचा वास मारणारं. चारी बाजूंनी टाके. बारीक, सरळ, एकमेकांना चिकटून. स्वेटर, फ्रॉक, शमीज, तिन्ही थरांतून. कापड घसरू नये म्हणून. मुलगी आत असताना घातलेले टाके, आणि तिच्या पाठीवर ओरखडा नाही.

'अंगावरचा कपडा असा कोणी शिवतं का गं?' एवढंच म्हणाली ही. आपल्यात जिवंत माणसाच्या अंगावर शिवत नाहीत, ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

प्रियदर्शनीनं टाक्यांवरून बोट फिरवलं. मग अभिनवकडे बघितलं.

'हे तू शिवलंस?'

तो टाक्यांकडे बघत राहिला.

'तुला बटण लावता येत नाही. कोण होती बरोबर?'

'कोणी नाही.'

'होती की,' पोरगी म्हणाली. 'बाबा खाली गेला ना, तेव्हा आली. रात्रभर मला धरून झोपली होती. छान होती ती.'

मी दाराकडे बघत राहिलो. बिचारा अभिनव काय सांगणार? खरं सांगितलं तर वेडा, नाही सांगितलं तर... मला राग आला होता त्याचा, तरी त्या क्षणी कीव आली.

'माझ्या मुलीला घेऊन बाई नेलीस तू,' प्रियदर्शनी म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. 'एक रात्र दिली होती मी तुला. तो कप ठेव खाली. निघ.'

गेला. मग कोर्टानं त्याला महिन्यातून एकदा तासभर दिला, तिथल्याच एका खोलीत, शिपाई दाराशी. त्यानं तक्रार केली नाही. पुढे कॅनडाला गेला, आता काही कळत नाही.

त्या दिवशी मी त्याच्यामागे खाली उतरलो. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसला होता. तिथे सांगितलं त्यानं मला सगळं. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, बाई लपवायला काय गोष्ट रचलीये ह्यानं. खरं सांगतो, एका अक्षरावर विश्वास बसला नाही माझा.

वर आलो तोवर दुपार झाली होती. काकूंनी कात्रीनं एकेक टाका कापून पोरीला मोकळं केलं होतं. आत आंघोळीचं पाणी वाजत होतं. ते हिरवं कापड खिडकीपाशी टेबलावर पडलं होतं, लख्ख उन्हात, कोरडं ठणठणीत, दोऱ्यासकट. उगाच उचललं मी. कोपऱ्यात शेवटचा टाका होता. गाठ मारून दोरा दातांनी तोडलेला.

मी त्या टोकाला बोट लावलं.

ओलं होतं.